वाचकांचे प्रश्न : तेल-वायू आयोगाच्या खुर्च्यांवर बसतं कोण?

अमेरिकेत जमिनीखालच्या तेलाचं आणि वायूचं नियमन बहुतांशी राज्यंच करतात. विहीर कुठे खोदायची, केसिंग (विहिरीच्या भिंतीला आधार देणारी पोलादी नळी) किती खोल उतरवायचं, शेजाऱ्याच्या हद्दीपासून किती अंतर ठेवायचं आणि विहीर आटली की ती कशी बुजवायची, हे निर्णय अँकरेज, ऑस्टिन, डेन्व्हर अशा ठिकाणी होतात. या आयोगांवर कोण बसतं आणि त्यांना त्यातलं काय कळतं, याबद्दल आलेल्या पत्रांना या वेळी उत्तरं देत आहोत.

प्रश्न : अलास्काच्या तेल-वायू संवर्धन आयोगात तीनच सदस्य असतात आणि त्यांतला एक अभियंता, एक भूवैज्ञानिक हवा असं कायदाच सांगतो. हा आयोग सुनावण्या घेतो, आदेश काढतो, दंड करतो. मग निवृत्त न्यायाधीश नेमून तज्ज्ञांना साक्षीला का बोलावत नाहीत? — कायद्याची विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : आयोग अर्धन्यायिक आहे, हे तुमचं म्हणणं बरोबर. पण त्याच्यापुढे येणारे वाद बहुधा खडक, दाब आणि पोलाद यांचे असतात. कंपनी आपले तज्ज्ञ आणते, नकाशे आणि संगणकी प्रारूपं मांडते. समोर बसलेल्याला ते प्रारूप कोणत्या गृहीतावर उभं आहे हे विचारता आलं नाही, तर निकाल चांगलं सादरीकरण करणाऱ्याच्या बाजूने जातो.

रचना अशी आहे. तिघांना राज्यपाल नेमतात, विधिमंडळ मान्यता देतं, मुदत सहा वर्षांची, आणि मुदती एकाच वेळी संपत नाहीत. अभियंत्याच्या जागेसाठी पेट्रोलियम अभियांत्रिकीची पार्श्वभूमी असलेला परवानाधारक अभियंता, किंवा त्या विषयाची पदवी आणि अलास्कातल्या भूगर्भीय कामाचा दीर्घ अनुभव असलेली व्यक्ती लागते. भूवैज्ञानिकाच्या जागेलाही तशाच अटी आहेत. तिसरी जागा जनतेच्या प्रतिनिधीची. मूळ तरतुदीत या तिसऱ्या सदस्याला तेलातलं काही कळायची सक्ती नव्हती. पुढे राज्यातल्या तेल उद्योगाची मूलभूत समज हवी, अशी अट आली.

अभियंता कशाला हवा, याचं सर्वांत चांगलं उदाहरण प्रूडो बे. हे क्षेत्र १९६८ मध्ये सापडलं आणि १९७७ मध्ये पाइपलाइन सुरू झाल्यावर तेल वाहू लागलं. तेलाच्या वर वायूची प्रचंड टोपी आहे. सोड्याच्या बाटलीतला वायू आधी सोडून दिला तर द्रव जागच्या जागी राहतो, तसंच इथे होतं : वायू आधी विकून टाकला की साठ्याचा दाब पडतो आणि तेल खडकाच्या छिद्रांत अडकून बसतं. म्हणून आयोगाने १९७७ मध्येच वायू बाहेर काढण्यावर दिवसाला २.७ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली. तेलाबरोबर वर येणारा वायू पुन्हा जमिनीत दाबला गेला. त्याने दाब टिकवला आणि खडकाला चिकटून राहिलेल्या तेलाचा काही भागही सोबत ओढून आणला. सुरुवातीला या क्षेत्रातून ९.६ अब्ज पिंपं तेल मिळेल असा अंदाज होता. प्रत्यक्षात १२ अब्जांहून जास्त निघालं. यात नव्या विहिरींचा आणि तंत्राचाही वाटा आहे, पण वायू परत जिरवल्याशिवाय हा आकडा गाठता आला नसता. २०१५ मध्ये द्रवीभूत वायूच्या प्रकल्पासाठी ही मर्यादा वाढवली गेली. किती तेल गमावून किती वायू मिळवायचा, आणि ते कोणत्या वर्षापासून परवडतं, हा तिथला खरा प्रश्न होता. दाब आणि उत्पादन यांचं नातं ज्याने हाताळलं आहे, त्यालाच अशा दाव्याची उलटतपासणी करता येते.

भूवैज्ञानिकाचं काम वेगळं. विहिरीतून जमिनीत सोडलेलं पाणी वर गोड्या पाण्याच्या थरात चढणार नाही असा अभेद्य थर मध्ये आहे का? तो सलग आहे की भेगाळलेला? दोन विहिरी एकाच साठ्यातून ओढतात की निराळ्या? शेवटच्या प्रश्नावर शेजाऱ्यांचे पैसे अवलंबून असतात, कारण साठा एकच निघाला तर एकाची विहीर दुसऱ्याचं तेल ओढत असते.

दोन्ही विद्या एकत्र लागतात असेही प्रसंग येतात. एप्रिल २०१७ मध्ये प्रूडो बेमधली बीपी कंपनीची एक विहीर जमिनीतून तीन-चार फूट वर उचलली गेली आणि तेल-वायू गळू लागला. तिचं बाहेरचं केसिंग कायम गोठलेल्या जमिनीतच थांबवलेलं होतं. आतल्या गरम तेलाने भोवतालचा बर्फ वितळला, जमीन असमान खचली आणि केसिंगवर ताण आला. आयोगाने त्याच बांधणीच्या इतर विहिरींची तपासणी करायला लावली. गोठलेला थर कुठे संपतो हे भूवैज्ञानिक सांगतो. केसिंगचा तळ त्याखाली किती न्यायचा आणि सिमेंट कसं भरायचं हे अभियंता सांगतो.

तिसऱ्या खुर्चीला कमी लेखू नका. दोन तज्ज्ञ आपसांत बोलू लागले की आदेश त्यांच्या भाषेत लिहिला जातो, आणि ज्यांच्यावर तो लागू होणार त्यांना तो कळत नाही. आदेशामागचं कारण साध्या शब्दांत मागणारं कुणीतरी मतदान करणाऱ्यांत असलंच पाहिजे.

प्रश्न : टेक्सासमध्ये तेल विहिरींवर देखरेख करणारं मंडळ ‘रेलरोड कमिशन’ म्हणून ओळखलं जातं आणि त्याचे आयुक्त निवडणुकीने येतात. त्यांना कसलीच तांत्रिक अट नाही का? — एक मतदार, ह्यूस्टन

उत्तर : नाही. मंडळ १८९१ मध्ये रेल्वेचे दर ठरवायला स्थापन झालं. १९१७ मध्ये तेलाच्या पाइपलाइनी त्याच्याकडे आल्या, १९१९ मध्ये विहिरींच्या अंतराचे नियम आले. रेल्वेचं उरलंसुरलं काम २००५ मध्ये दुसरीकडे गेलं. नाव मात्र राहिलं. तीन आयुक्त, सहा वर्षांची मुदत, दर दोन वर्षांनी एक जागा निवडणुकीला. मतदार असणं, राज्यात राहणं, वयाची अट पूर्ण करणं, एवढं पुरतं.

मग जाणकारी येते कुठून? कर्मचाऱ्यांकडून. वादग्रस्त प्रकरणाची सुनावणी सहसा दोघेजण मिळून घेतात : एक प्रशासकीय कायद्याचा न्यायाधीश आणि एक तांत्रिक परीक्षक, जो अभियंता किंवा भूवैज्ञानिक असतो. दोघे मिळून निर्णयाचा मसुदा लिहितात. पक्षकार त्यावर लेखी आक्षेप घेतात आणि मग तिन्ही आयुक्त उघड बैठकीत मत देतात. आयुक्त मसुदा फिरवू शकतात. म्हणून टेक्सासमध्ये प्रकरण लढवणाऱ्याने सगळी ताकद परीक्षकासमोरच्या नोंदीवर लावावी. जे त्या नोंदीत नाही, ते पुढे कोर्टातही उपयोगी पडत नाही.

नियम ३७ घ्या. मूळ अंतर असं : विहीर भाडेपट्ट्याच्या हद्दीपासून ४६७ फूट आणि त्याच पट्ट्यातल्या दुसऱ्या विहिरीपासून १,२०० फूट लांब हवी, अनेक क्षेत्रांना स्वतःचे वेगळे नियम आहेत. सवलत हवी असेल तर शेजाऱ्यांना नोटीस जाते. हरकत घेणाऱ्याने ‘मला त्रास होईल’ एवढंच लिहिलं तर टिकत नाही. सवलतीशिवाय अर्जदाराचं तेल खरोखर वाया जातं का, किंवा त्याला त्याचा रास्त वाटा मिळायचा राहतो का, या दोन मुद्द्यांवर आकडे द्यावे लागतात. तिथे स्वतंत्र भूवैज्ञानिकावर केलेला खर्च वकिलावरच्या खर्चाइतकाच मोलाचा ठरतो.

निवडून येण्याच्या पद्धतीचा आम्हाला खटकणारा भाग प्रचारनिधीचा आहे. ज्यांचे अर्ज आयुक्तांपुढे येतात, त्याच उद्योगातून देणग्याही येतात. शिवाय तांत्रिक बाबतीतला ढिलेपणा मतदाराला दिसत नाही. विहिरी पुढे बुजवल्या जाव्यात म्हणून चालकाकडून घेतलेल्या अनामत रकमेचं बघा. दहापर्यंत विहिरी असलेल्या चालकासाठी २५,००० डॉलर, अकरा ते नव्व्याण्णव विहिरींसाठी ५०,००० आणि शंभर किंवा जास्तींसाठी २,५०,००० डॉलर असे सरसकट टप्पे टेक्सासमध्ये कित्येक वर्षं चालत आले. नव्व्याण्णव विहिरींच्या चालकाच्या बाबतीत ही रक्कम विहिरीमागे पाचशे डॉलरच्या आसपास येते, आणि एक विहीर नीट बुजवायला त्याच्या कितीतरी पट खर्च होतो. कंपनी बुडाली की ती विहीर राज्याच्या गळ्यात पडते, आणि अशा बेवारस विहिरी टेक्सासमध्ये हजारोंनी आहेत.

प्रश्न : सदस्य उद्योगातलेच असले तर हितसंबंधांचं काय? आणि बाहेरचे असले तर त्यांना विषय कळतो का? — निवृत्त शिक्षक, सांगली

उत्तर : हा पेच खरा आहे आणि प्रत्येक राज्याने तो आपापल्या परीने सोडवला आहे. युटाच्या मंडळात सात जण : खाणकाम जाणणारे दोन, तेल-वायू जाणणारे दोन, पर्यावरण जाणणारा एक, एक भूवैज्ञानिक आणि खनिज किंवा रॉयल्टीचा (उत्पादनातल्या वाट्याचा) हक्क असलेला एक खासगी जमीनमालक. माँटानात सातपैकी तिघांना तेल-वायू उद्योगाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो, आणि दोन जागा तेल निघणाऱ्या काउंट्यांतल्या जमीनमालकांना आहेत. त्यांतल्या एकाकडे जमिनीबरोबर खनिजाचा हक्क असावा, दुसऱ्याकडे नसावा. हे कलम ज्याने लिहिलं त्याने गावात राहून विचार केला आहे. अमेरिकेत वरची जमीन एकाची आणि खालचं तेल दुसऱ्याचं असू शकतं. पहिल्याच्या कुरणातून ट्रक जातात आणि धनादेश दुसऱ्याला मिळतो. दोघांची बाजू आतून माहीत असलेले सदस्य एकाच टेबलावर बसवले आहेत.

काही राज्यांत तर तज्ज्ञांची खुर्चीच नाही. नॉर्थ डकोटाचा औद्योगिक आयोग म्हणजे राज्यपाल, महाधिवक्ता आणि कृषी आयुक्त. हेच तिघे राज्याच्या मालकीची बँकही बघतात. तांत्रिक भार सगळा खनिज संपदा विभागाच्या तेल-वायू शाखेवर. २०१४ मध्ये विहिरीवर जाळून टाकला जाणारा वायू कमी करण्यासाठी या आयोगाने टप्प्याटप्प्याची उद्दिष्टं घातली. पुढे ती ९१ टक्के वायू पकडण्यापर्यंत गेली. आदेशावर सह्या राजकारण्यांच्या होत्या, आकडेमोड शाखेची होती.

हितसंबंध उघडे पडल्याचं सर्वांत गाजलेलं प्रकरण अलास्कातलंच. २००३ मध्ये सारा पेलिन आयोगात जनतेच्या जागेवर आणि अध्यक्षपदी होत्या. सहआयुक्त रँडी रूडरिक हे त्याच वेळी राज्यातल्या रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्ष होते. पक्षाचं काम आयोगाच्या कार्यालयातून केल्याचा मुद्दा पुढे आला, त्यांनी पद सोडलं आणि नंतर १२,००० डॉलरचा दंड भरला. पेलिन यांनी जानेवारी २००४ मध्ये राजीनामा दिला. पात्रतेच्या अटी कितीही काटेकोर असल्या तरी पक्षाचं पद आणि आयोगाचं पद एकत्र ठेवायला त्या अटकाव करत नाहीत; त्यासाठी वेगळा नियम लागतो.

उलट बाजूही आहे. जनतेच्या जागेवर बसलेल्या हॉलिस फ्रेंच यांना २०१९ मध्ये राज्यपालांनी कर्तव्यात कसूर केल्याच्या आरोपावरून काढलं. त्यासाठी लेखी आरोप आणि सुनावणी घ्यावी लागली. राज्यपालांची मर्जी गेली म्हणून दुसऱ्या दिवशी काढता येत नाही, हे संरक्षण महत्त्वाचं. तीन जणांच्या मंडळात एक जागा रिकामी असेल आणि एका सदस्याला हितसंबंधामुळे बाजूला व्हावं लागलं, तर निर्णयच अडतो. म्हणून रिकाम्या जागेची बातमी छोटी समजू नये.

प्रश्न : ओक्लाहोमात तेलाबरोबर निघणारं सांडपाणी जमिनीत सोडल्यामुळे भूकंप झाले म्हणतात. हे आयोगाला आधी कळलं नाही का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : ओक्लाहोमाचा कॉर्पोरेशन कमिशनही तीन निवडून आलेल्या आयुक्तांचा. पाणी सोडायच्या विहिरीचा परवाना देताना पारंपरिक प्रश्न दोन असत : गोड्या पाण्याच्या थराला धोका आहे का, आणि केसिंग दाब धरतं का. खाली अर्बकल नावाच्या खडकाच्या थरात गेलेलं पाणी त्याखालच्या स्फटिकी खडकातल्या जुन्या भ्रंशांपर्यंत दाब पोचवतं, हा भूकंपशास्त्राचा प्रश्न. तो अर्जाच्या नमुन्यातच नव्हता. एकेका विहिरीचा अर्ज नियमात बसत होता. शेकडो विहिरींचा एकत्र परिणाम कुणी मोजत नव्हतं. २०१५-१६ मध्ये मोठ्या पट्ट्यांत सोडलेल्या पाण्याचं प्रमाण कमी करायला लावलं गेलं. ३ सप्टेंबर २०१६ ला पॉनीजवळ ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा भोवतालच्या विहिरी बंद करण्याचे निर्देश त्याच दिवशी निघाले. कोणत्या विद्येचा माणूस टेबलावर नाही, त्यावरून कोणता प्रश्न सुटून जाईल हे बऱ्यापैकी ओळखता येतं.

प्रश्न : आमच्या घरापासून साधारण १,४०० फुटांवर तेल विहिरींचा तळ (विहिरी खोदण्यासाठी सपाट केलेली जागा) प्रस्तावित आहे. कोलोराडोच्या आयोगाला काय लिहावं? ते वाचणाऱ्यांना आरोग्यातलं कळतं का? — एक गृहिणी, ग्रीलीजवळ, कोलोराडो

उत्तर : आता कळतं, किंवा निदान कळणारी एक खुर्ची आहे. हे नवं आहे, म्हणून थोडा मागचा संदर्भ.

२००७ पर्यंत इथल्या आयोगात उद्योगाच्या अनुभवी लोकांचं बहुमत होतं. त्या वर्षी सदस्य सातचे नऊ झाले आणि पर्यावरण, मृदा, स्थानिक शासन यांना जागा मिळाल्या. एप्रिल २०१७ मध्ये फायरस्टोन गावात एका घराचा स्फोट होऊन दोघांचा जीव गेला. जवळच्या जुन्या विहिरीची कापलेली, टोक न बुजवलेली एक इंची नळी घरालगत पुरलेली होती. तिच्यातला वायू तळघरात साचला होता. एप्रिल २०१९ च्या कायद्याने आयोगाचं कामच बदललं : उद्योगाला चालना देण्याऐवजी आरोग्य, सुरक्षितता आणि पर्यावरण जपत नियमन करणं. १ जुलै २०२० पासून मतदान करणारे पाच पूर्णवेळ सदस्य आहेत. एक तेल-वायू उद्योगाचा अनुभवी, एक नियोजन किंवा जमीनवापर जाणणारा, एक पर्यावरण, वन्यजीव किंवा जमीन पूर्ववत करण्याच्या कामातला, एक सार्वजनिक आरोग्याचा आणि एक आयोगाच्या ज्ञानात भर घालू शकेल अशा व्यावसायिक अनुभवाचा. एका पक्षाचे तिघांपेक्षा जास्त नसतात. नैसर्गिक संपदा आणि आरोग्य खात्यांचे प्रमुख पदसिद्ध बसतात, पण मत देत नाहीत. जुलै २०२३ पासून नाव ‘एनर्जी अँड कार्बन मॅनेजमेंट कमिशन’ झालं आहे. अलास्कासारखी भूवैज्ञानिकाची सक्तीची खुर्ची इथे नाही. आमच्या मते ही उणीव आहे. ती कर्मचाऱ्यांवर निभावते.

आता तुमचं पत्र. नियमातलं मुख्य अंतर २,००० फूट, म्हणजे सुमारे ६१० मीटर. हे १५ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. शाळेसाठी ते पक्कं आहे. घरांच्या बाबतीत ५०० ते २,००० फुटांच्या पट्ट्यात काही अपवादांतून परवानगी मिळू शकते. त्यांतले दोन तुमच्या दृष्टीने महत्त्वाचे. पहिला, त्या अंतरातल्या घरमालकांनी आणि भाडेकरूंनी माहितीपूर्ण संमती दिली असेल तर. दुसरा, २,००० फुटांइतकंच संरक्षण इतर उपायांनी मिळतं असं आयोगाला सुनावणीत पटलं तर. तुमच्याकडे संमतीपत्रक घेऊन कुणी आलं तर सही करण्याआधी ते कोणत्या कलमाखालचं आहे ते विचारा. त्या सहीने तुमचा सर्वांत बळकट मुद्दा जातो.

आधी बघायची कागदपत्रं : विकास आराखडा आणि त्याला जोडलेला ‘फॉर्म २ए’, म्हणजे जागेचा अर्ज. (‘फॉर्म २’ एकेका विहिरीच्या खोदाईचा असतो.) अर्ज परिपूर्ण ठरल्यावर साधारण ३० दिवस लेखी मतं स्वीकारतात, नेमकी तारीख नोटिशीवर असते. त्याच सुमाराला स्थानिक परवानाही चालू असतो. तुम्ही वेल्ड काउंटीत आहात, तिचं स्वतःचं तेल-वायू खातं आहे. शहराच्या हद्दीत असाल तर शहराकडेही विचारा. एका ठिकाणी दिलेलं पत्र दुसरीकडे आपोआप जात नाही.

पत्रात अंतर घराच्या भिंतीपासून तळाच्या कामाच्या कडेपर्यंत मोजून लिहा. प्लॉटच्या कोपऱ्यापासून मोजलेलं अंतर चुकीचं ठरवून पत्र बाजूला पडतं. घरात दम्याचे रुग्ण, तान्हं मूल, वृद्ध असतील तर लिहा. खोल्या कुठल्या बाजूला उघडतात आणि वारा बहुधा कुठून येतो तेही. मग प्रश्न विचारा : रिग (खोदाईचं यंत्र) डिझेलवर चालणार की विजेवर? तेल टाक्यांत साठवून ट्रकने नेणार की थेट पाइपलाइनने? (टाक्या नसल्या की वाफा आणि ट्रकच्या खेपा दोन्ही घटतात, मागण्याजोगी ही सर्वांत परिणामकारक अट.) फ्रॅकिंगचं (दाबाने द्रव सोडून खडकाला भेगा पाडण्याचं) पाणी कुठून, कोणत्या रस्त्याने? भोवतालच्या जुन्या विहिरी आणि पुरलेल्या नळ्या शोधल्या आहेत का, आणि त्या बुजवल्याचा पुरावा काय? पृष्ठभागाचं केसिंग गोड्या पाण्याच्या थराखाली किती फूट जातं, आणि त्याचं सिमेंट वरपर्यंत आलं नाही तर पुढे काय करणार? शेवटी, परवाना दिलाच तर कोणत्या अटी हव्यात ते स्वतंत्र लिहा. नुसता विरोध करणाऱ्या पत्रातून आयुक्तांना आदेशात घालण्यासारखं काही मिळत नाही.

दोन गोष्टी टाळा. छापील मजकुराची शंभर पत्रं पाठवू नका. ती एक मुद्दा म्हणूनच धरली जातात. आणि प्रकरण चालू असताना कुठल्याही आयुक्ताला खासगी फोन किंवा ईमेल करू नका. ते न्यायाधीशाच्या भूमिकेत असतात, असा संपर्क त्यांना उघड करावा लागतो आणि नुकसान तुमचंच होतं. सुनावणीत साक्षीदार तपासायचे असतील तर नुसतं मत देऊन भागत नाही. ‘बाधित व्यक्ती’ म्हणून पक्षकार होण्याचा अर्ज मुदतीत करावा लागतो, आणि त्यात तुमचं नुकसान सर्वसाधारण जनतेपेक्षा वेगळं कसं हे दाखवावं लागतं.

प्रश्न : कंपनीने आमचा खनिज हक्क जबरदस्तीने एकत्रीकरणात (अनेकांचे हक्क एकाच विहिरीसाठी जोडण्यात) घेण्याचा अर्ज केला आहे. सही केली नाही तर काय? — एक वाचक, डेन्व्हर

उत्तर : कोलोराडोत २०१९ पासून असा अर्ज करायला त्या क्षेत्रातल्या ४५ टक्क्यांहून जास्त खनिज हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची संमती लागते. आधी हा आकडा कागदांवर तपासा. सही न करणाऱ्याला विहिरीच्या खर्चातला त्याचा वाटा आणि त्यावरचा दंड उत्पन्नातून वसूल होईपर्यंत वायूवर १३ आणि तेलावर १६ टक्के रॉयल्टी मिळते. स्वेच्छेच्या करारात याहून चांगला दर मिळत असेल तर वाट बघण्यात अर्थ नाही. दर तोच असेल तर पृष्ठभाग न वापरण्याची अट करारात घालून घ्या.

प्रश्न : आयोगाचा आदेश विरुद्ध गेला तर सरळ कोर्टात जावं का? — कायद्याची विद्यार्थिनी, पुणे (दुसरा प्रश्न)

उत्तर : अलास्कात तसं केलंत तर दार बंद होईल. आदेशाची लेखी सूचना निघाल्यापासून २० दिवसांत पुनर्विचाराचा अर्ज करावा लागतो, आणि आदेश कुठे चुकला ते त्यात नेमकं लिहावं लागतं. आयोगाने १० दिवसांत काहीच केलं नाही तर अर्ज फेटाळला असं धरतात. तिथून ३० दिवसांत वरिष्ठ न्यायालयात अपील. निर्णय टपालाने आला असेल तर ३३ दिवस. सर्वांत जास्त लोक फसतात ते पुढच्या नियमाला : पुनर्विचाराच्या अर्जात जे मुद्दे मांडले, तेवढेच अपिलात बघितले जातात. म्हणून तो अर्ज घाईत दोन परिच्छेदांत उरकू नये. तांत्रिक निष्कर्षावर हल्ला करायचा असेल तर नोंदीतला कोणता पुरावा त्याच्याशी जुळत नाही, ते पान-क्रमांकासह लिहावं.

प्रश्न : मी पेट्रोलियम अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. अशा आयोगात काम करायचं असेल तर काय शिकावं? — विद्यार्थी, पुणे

उत्तर : आयुक्ताची खुर्ची शेवटची पायरी; तिच्यासाठी त्याच राज्यातला दीर्घ अनुभव लागतो. पण आयोगाचा कणा म्हणजे साठा-अभियंते, खोदाई-अभियंते, भूवैज्ञानिक आणि विहिरींवर जाणारे निरीक्षक. अर्ज त्यांच्या टेबलावर आधी येतो.

कामाचा एक नमुना देतो. पाणी किंवा वायू आत सोडायच्या विहिरीची अखंडता-चाचणी अलास्कात अशी होते : ट्यूबिंग (केसिंगच्या आतली नळी) आणि केसिंग यांच्यामधल्या पोकळीत दाब चढवायचा, १,५०० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड, हे दाबाचं एकक) किंवा पॅकरच्या (ही पोकळी खालून बंद करणाऱ्या बुचाच्या) उभ्या खोलीच्या प्रत्येक फुटाला ०.२५ पीएसआय, यांत जास्त असेल तो. पॅकर ८,००० फुटांवर असेल तर २,००० पीएसआय. मग ३० मिनिटं बघायचं. दाब स्थिरावत जायला हवा आणि फरक १० टक्क्यांच्या आत, म्हणजे इथे २०० पीएसआयच्या आत. नवखा निरीक्षक फक्त शेवटचा आकडा लिहितो. जाणता माणूस पहिल्या पंधरा आणि नंतरच्या पंधरा मिनिटांतली घसरण ताडून बघतो. आधी १५० आणि नंतर ३० उतरला, तर पोकळीतला द्रव तापमानाशी जुळवून घेतोय. ९० आणि पुन्हा ९० उतरला, तर एकूण घसरण तेवढीच १८० असूनही दाब स्थिरावत नाही, म्हणजे गळतीचा संशय घ्यायचा.

म्हणून केसिंगची रचना, सिमेंट बाँड लॉग (केसिंगला सिमेंट नीट चिकटलंय का ते दाखवणारा आलेख) वाचणं, दाबाच्या आलेखांचं विश्लेषण आणि ब्लोआउट प्रिव्हेंटरच्या (विहिरीतून अचानक उसळणारं तेल-वायू रोखणाऱ्या झडपांच्या) चाचण्या यांवर पकड बसवा. भूविज्ञानाचे दोन जास्तीचे विषय घ्या. आणि लिहायला शिका : कर्मचाऱ्याचा अहवाल कोर्टात वाचला जातो.

प्रश्न : मुंबई हाय आपल्या किनाऱ्यासमोर आहे. मग महाराष्ट्राचा असा आयोग का नाही? — एक वाचक, ठाणे

उत्तर : कारण आपल्याकडे अधिकार केंद्राचा आहे. तेलक्षेत्रांचं नियमन आणि विकास हा संघसूचीतला ५३ वा विषय, आणि समुद्राखालची खनिजसंपत्ती राज्यघटनेच्या २९७ व्या अनुच्छेदाने केंद्राकडे जाते. १९७४ मध्ये सापडलेल्या मुंबई हायबद्दलचे निर्णय म्हणून दिल्लीत होतात. उत्खननाचं तांत्रिक काम १९९३ मध्ये स्थापन झालेलं हायड्रोकार्बन महासंचालनालय बघतं, समुद्रातली सुरक्षितता तेल उद्योग सुरक्षा संचालनालय. दोन्ही पेट्रोलियम मंत्रालयाखालीच येतात, आणि समुद्रातलं सर्वांत मोठं उत्पादन करणारी ओएनजीसीही त्याच मंत्रालयाची. नियमन करणारा आणि उत्पादन करणारा यांत अंतर हवं, असं आम्हाला ठामपणे वाटतं. जुलै २००५ मध्ये मुंबई हायच्या उत्तर फलाटाला आग लागून २२ जण गेले. अशा घटनेच्या चौकशीला मंत्रालयाबाहेरचं, अभियंता आणि भूवैज्ञानिक असलेलं मंडळ असायला हवं.

पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ २००६ च्या कायद्याने आलं, पण कच्चं तेल आणि वायू काढण्याचं काम त्याच्या कक्षेबाहेर आहे. पाइपलाइनी, शहरातलं वायूवितरण वगैरे आत. त्यावर अध्यक्ष, एक विधी सदस्य आणि आणखी तीन सदस्य असतात. विधी सदस्य होण्याचा एक मार्ग उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदाची पात्रता हा आहे. इतरांसाठी पेट्रोलियम उद्योग, व्यवस्थापन, वित्त, कायदा, प्रशासन किंवा ग्राहक व्यवहार यांपैकी कोणतंही क्षेत्र चालतं. अभियंत्याची म्हणून राखीव खुर्ची नाही. तुमच्या घरच्या पाइप गॅसची तक्रार असेल तर आधी वितरण कंपनीकडे लेखी नोंदवा, तक्रार क्रमांक घ्या, आणि तिथे दाद लागली नाही तर तो क्रमांक जोडून या मंडळाकडे जा.